सतरा नंबर आणि विलायतेचा हुकूम

सहदेव माळी उठायचा तेव्हा शुक्राची चांदणी वर आलेली असायची. कोंबडा त्याच्या मागून आरवायचा. अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर त्याचा छोटा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, बांधाला झेंडू. विहीर होती, पण मोट नव्हती. मोट ओढायला बैल लागतो, तो नव्हता. म्हणून पाणी घागरीने ओढावे लागे. उजाडायच्या आत सहदेव साठ घागरी ओढून कामाला निघायचा. उरलेल्या नव्वद त्याची बायको मनकर्णा ओढायची. दीडशेच्या खाली वांगी माना टाकतात. हा आकडा ऐकीव नाही. एकदा मनकर्णा तापाने पडली तेव्हा चार दिवस तिच्या वाट्याच्या घागरी मी ओढल्या. पहिल्या चाळीस हाताने निघतात, पुढच्या तीस पाठीने, आणि शेवटच्या वीस शिव्या देत.

ताप उतरला, पण तिचा उजवा खांदा धरला तो धरलाच. तिने आरडाओरडा केला नाही. भाकर थापता थापता सहदेवला म्हणाली, "दोन हिवाळे अजून ओढतो मी. तिसऱ्या हिवाळ्याले बैल नाई आला, तर वांग्याईले तुमीच सांगजा, आपापलं पानी पिऊन या म्हना."

बैल घ्यायचा, आणि दोन हिवाळ्यांच्या आत. सहदेवच्या डोक्यात त्या दिवसापासून दुसरे काही नव्हते.

तेव्हा सहदेव आणि मी गावातल्या एका शेठकडे रुई तुडवायचो. सरकी काढलेली रुई फुगते. दूर पाठवायची तर ती दाबून बसवावी लागते, आणि आधी पायाने बसवावी लागते. शेठकडे कामाला वेळ नव्हती. गाडी आली की सुरू, गाडी भरली की बंद. मजुरी मागितली की शेठ म्हणायचा, "मी काय गाव सोडून चाललो काय?" चूक झाली तर जागेवर थोबाडीत बसायची. पण दुपारी त्याच हाताने गुळाचा खडा मिळायचा, आणि मनकर्णेचा खांदा कसा आहे हेही तो विचारायचा.

समुद्रापलीकडे कुठे तरी मोठी लढाई लागली आणि तिकडचा कापूस बंद पडला, ती ही वर्षे. वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. एका विलायती कंपनीने बडनेऱ्याच्या वाटेवर आवार घेतले आणि रुई दाबायचा लोखंडी पेच बसवला. कंपनी हे नाव ऐकून गावातल्या म्हाताऱ्यांना वाटले, जुने कंपनी सरकार परत आले. दोघेतिघे सलाम करून गेले.

तुडवायला गडी पाहिजेत अशी दवंडी झाली तेव्हा आम्ही शेठला सोडले. शेठ म्हणाला, "जा. तिकडे गूळ नाही मिळायचा." ते खरे निघाले.

कंपनी मोठी होती. अमरावतीचे आवार हे तिचे करंगळीचे नख. त्याच्यावर अकोल्याची कचेरी, तिच्यावर मुंबईची, आणि सगळ्यांवर विलायत. आवारात एक साहेब, पुण्याकडचे एक कारकून महादेवराव, एक मुकादम खुशालराव, तीस गडी आणि दहा बैल. अकोल्याहून हुकूम आला की ज्याला पगार किंवा चारा द्यावा लागतो त्या प्रत्येकाला नंबर द्या. वही एकच पाठवली होती. म्हणून माणसे आणि बैल समोर येतील तसे एकाच वहीत चढले. खुशालराव एक नंबर. मी सोळा. सहदेव सतरा. अठरा नंबर मुंगश्या नावाचा बैल, मुंगसाच्या रंगाचा, वयाने उतरलेला, पण पायाचा पक्का. गड्यांनी पितळी बिल्ला दंडाला बांधायचा, बैलांच्या तो गळ्यात. बिल्ले एकाच साच्यातले.

सहदेव म्हणाला, "म्हंजे हा बैल माया धाकटा भाऊ झाला."

खुशालराव म्हणाला, "धाकटा नको म्हनू. त्याले रोज सरकीची ढेप भेटते. तुले भेटते का?"

काम असे होते. जमिनीत माणसापेक्षा उंच लाकडी पेटी पुरलेली. एका पेटीत एक गडी. वरून रुई पडते आणि गडी ती तुडवत तुडवत तिच्याबरोबर वर येतो. आधी कोपरे तुडवायचे, टाचेने. मध्य आपोआप बसतो. नवखा गडी मध्य तुडवतो आणि कोपरे पोकळ राहतात. एका गाठीला बाराशे पावले लागतात, हजारात उरकणारा चोर समजावा. पेटी भरली की वरून लोखंडी पाट उतरतो. तो पेचाने उतरतो, आणि पेच दोन बैल आडवा दांडा ओढत गोल फिरवतात. मग गाठीला गोणपाट शिवायचे आणि तुडवणाऱ्याचा नंबर काळ्या शाईने वर लिहायचा.

कंपनीचे चांगले ते चांगले म्हणावे. सकाळी घंटा, दुपारी जेवायला सुटायची घंटा, परतायची घंटा, संध्याकाळी घंटा. शेवटच्या घंटेनंतर एक पाऊल कोणी तुडवायला लावले नाही. पगार ठरल्या दिवशी, न मागता. कोणी अंगावर हात टाकला नाही. पण सहदेव तीन दिवस पोटाने आजारी पडला, तेव्हा कोणी विचारलेही नाही. शेठ असता तर दारात येऊन शिव्या देऊन गेला असता. सहदेव चौथ्या दिवशी आला तर वहीत सतराच्या पुढे तीन फुल्या होत्या. त्याला वाईट वाटले. म्हणाला, "शिव्या देल्ल्या असत्या तरी चाललं असतं."

आणि रविवारची सुटी. ही आम्हाला नवी होती. सोमवारी बैलाच्या मानेवर जू न ठेवणारी गावे आम्हाला ठाऊक होती. रविवारी माणसांनाही मोकळे सोडणारा मालक हा पहिलाच. गड्यांनी पेटीत तुडवता तुडवता त्याचा विचार केला, आणि उलगडा सहदेवने केला. रविवार कोणाचा? खंडोबाचा. साहेबाकडे पांढरा घोडा होता. साहेबाच्या मागे कुत्रे होते. खंडोबालाही घोडा आणि कुत्रे. साहेब खंडोबाचा भक्त होता, यात कोणाला शंका राहिली नाही. उलट साहेबाबद्दल आदर वाढला. इतक्या दूरच्या मुलखात जाऊनही देवाचे कुत्रे सोडले नाही, हे सोपे नाही.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. आदल्या दिवशी सहदेव महादेवरावांच्या खिडकीशी गेला.

"रावसाहेब, उद्या साहेबाच्या देवाचा सन हाय. सुटी असन ना?"

"कोणाच्या देवाचा?"

"खंडोबाचा."

महादेवरावांनी लेखणी खाली ठेवली. "साहेबाचा आणि खंडोबाचा काय संबंध?"

सहदेवने बोटे मोजली. "रविवार पाळते. घोड्यावर बसते. कुत्रं संगं ठेवते. अजून काय पायजे?"

"अरे, तो ख्रिस्ती आहे."

"असन. आमच्या मळ्याच्या बाजूले फकीर राह्यते, तो बी खंडोबाले मानते."

"सुटी रविवारी. षष्ठी उद्या बुधवारी आहे."

"त्याच्यात तिचा काय दोष, रावसाहेब?"

महादेवराव म्हणाले, "जा, कामाला लाग." सहदेव आला, पण त्याला साहेबाचीच काळजी लागली. इकडे त्याला पंचांग सांगणारे कोणी नाही, बिचाऱ्याला तिथी कळली नसणार. देव काही ते ऐकून घ्यायचा नाही. साहेबाच्या वतीने आपण काही तरी केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्याने फडक्यात वांग्याचे भरीत, एक रोडगा आणि मूठभर भंडारा आणला. वांगी त्याच्याच मळ्यातली. रोडगा-भरीत साहेबाच्या कुत्र्याला घातले. कुत्र्याने मन लावून खाल्ले आणि त्या दिवसापासून ते सहदेवच्या पेटीशी येऊन बसू लागले. भंडारा पेटीच्या चार कोपऱ्यांना लावायचा होता. मी शेजारच्या पेटीतून डोके वर काढून पाहत होतो. सहदेवने चार चिमट्या चार कोपऱ्यांना लावल्या. मुठीत पुष्कळ उरला. तो त्याने हळूच पेटीत उधळला, तोंडातल्या तोंडात येळकोट केला आणि आत उतरला.

मी म्हणालो, "पांढऱ्या रुईत हळद टाकली का लेका?"

"देवाची हाय. दिसनार नाई."

"काहून?"

"नीट तुडवतो ना."

आणि त्याने ती खरेच नीट तुडवली. बाराशे नव्हे, पंधराशे पावले. त्या हंगामातली सगळ्यात घट्ट गाठ ती. गोणपाटावर सतरा लिहून ती गाडीत चढली.

शेठकडे हे घडले असते तर संध्याकाळपर्यंत थोबाडीत बसून दुपारचा गूळही खाऊन झाला असता. पण ही मोठी कंपनी. तिथे चुकीला जायला वाट लांब, आणि परत यायला त्याहून लांब.

फाल्गुनात अकोल्याहून पत्र आले. महादेवरावांनी सहदेवला खिडकीशी बोलावले, मीही मागोमाग गेलो. मुंबईत गाठी उघडून पुन्हा दाबतात. सतरा नंबरची गाठ उघडली तर ती आतून पिवळी निघाली. मुंबईच्या साहेबाला वाटले, वऱ्हाडच्या कपाशीवर नवा रोग पडला. त्याने एक पुडी बांधून विलायतेला पाठवली आणि अकोल्याला विचारले, कापूस कोणत्या गावचा, जमीन कोणती, आणि असा रोग तिकडे पूर्वी कधी दिसला काय.

"हे पिवळे काय आहे?" महादेवरावांनी विचारले.

सहदेव खोटे बोलत नसे. "भंडारा."

महादेवरावांनी पत्रातल्या एकेका प्रश्नावरून बोट फिरवले. तेही खोटे बोलत नसत. शेवटी त्यांनी उत्तर लिहिले आणि आम्हाला वाचून दाखवले. "कापूस अंजनगाव सुर्जीकडचा. जमीन काळी. असा रोग या भागात पूर्वी कधीही दिसलेला नाही."

"भंडाऱ्याचं नाई लेहलं?" सहदेवने विचारले.

"त्यांनी विचारलेले नाही."

त्यानंतर सहदेवचे हाल सुरू झाले. बैलासाठी पैसा साठत होता, पण दोन हंगामांचा मिळूनच पुरणार होता. त्यात कंपनीच्या गाड्यांसाठी गाडीवान बैल विकत घ्यायचे आणि बैलांच्या किमती चढत जायच्या. ज्या कंपनीकडून बैलाचा पैसा मिळणार, तीच बैल महाग करत होती. मधेच काढून टाकले तर सगळे संपले. टपाल घेऊन हरकारा आवारात शिरला की सहदेवचे पाय पेटीत थांबायचे. हरकारा गेला की तो दुप्पट तुडवायचा.

एकदा मला म्हणाला, "शेठ आतालोग चार वेळा मारून इसरून बी गेला असता. हे असं कसं रे मारनं, हात उचलून वर्षभर तसाच धरून ठेवते."

पाऊस लागला, पेच बंद झाला. सहदेव मळ्यात राबला. दसऱ्यानंतर घंटा पुन्हा वाजली आणि तो पुन्हा पेटीत उतरला. भीतीने माणूस एक तर बिघडतो, नाही तर सुधारतो. सहदेवच्या गाठींचे कोपरे असे बसू लागले की खुशालराव नव्या गड्यांना ते दाखवायला आणायचा. साहेबानेही एकदा छडीने एक कोपरा टोचून पाहिला आणि मान हलवली. सहदेवची पगारवाढ झाली. तिच्यामुळे हिशेब बसला. ह्या हंगामाच्या शेवटी, म्हणजे मनकर्णेचा दुसरा हिवाळा संपता संपता, बैल येणार होता.

पौषात पत्र आले. लाल लाखेचे. महादेवरावांनी ते खुशालराव, सहदेव आणि मी अशा तिघांसमोर वाचले.

"पिवळ्या भुकटीची विलायतेत तपासणी झाली. एका अनुभवी गृहस्थांनी ती चाखून पाहिली असता ती हळद निघाली. सबब रुईत भेसळ केल्याबद्दल नंबर सतरा यास कामावरून तात्काळ कमी करावे, आणि नियमाप्रमाणे विल्हेवाट लावून तसे कळवावे."

सहदेवने दंडावरचा बिल्ला सोडला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. एवढेच म्हणाला, "अजून तीन महिने थांबले असते तर." माझ्या डोळ्यांसमोर मनकर्णेचा खांदा आला.

खुशालरावने बिल्ला उचलला. तो फार बोलणारा नव्हता, पण चांगला गडी हातचा जाऊ देणाराही नव्हता. त्या दिवसांत गडी मिळणे कठीण. जो तो गाडी घेऊन भाड्याच्या मागे लागलेला.

"रावसाहेब, पत्रात मानूस असं लेहलं का?"

महादेवरावांनी पत्र दोनदा वाचले. "नाही. नंबर सतरा, एवढेच आहे."

"बरं." खुशालराव पेचाकडे गेला, मुंगश्याच्या गळ्यातला अठराचा बिल्ला काढला, सतराचा घातला आणि अठराचा आणून सहदेवच्या हातात दिला. "आता पाहा, सतरा कोन हाय?"

महादेवरावांनी चष्म्यावरून बैलाकडे पाहिले. बैलाने महादेवरावांकडे पाहिले.

"हे खोटे होईल, खुशालराव."

"खोटं काय त्याच्यात? हळदीची गाठ दाबली तवा पेच कोनं फिरवला? ह्यानंच. याच्याशिवाय ते गाठ झाली असती का?"

महादेवराव विचारात पडले. ते न्यायी होते. शेवटी म्हणाले, "त्याचा सहभाग होता, हे मान्य करावे लागेल."

त्यांनी वहीत सगळे खरे लिहिले. अमुक मितीस सतरा व अठरा यांचे नंबर बदलले, कारण मुकादमाची सोय. वही कोणी कधी वाचत नसे. वाचायचे ती पत्रे. मग पत्र लिहिले, "हुकुमाप्रमाणे नंबर सतरा यास कमी केले. विल्हेवाट लिलावाने लावीत आहोत." साहेबाने सही केली. विलायतेत ते पत्र पोचल्यावर तिथे काय वाटले असेल, हे कळायला मार्ग नाही. उलट उत्तर आले नाही.

लिलाव आवारातच झाला. गाडीवान बरेच जमले, कारण बैलाला तेव्हा सोन्याची किंमत होती. सहदेव मागे उभा होता. त्याच्या कमरेला जे होते त्यात तसा बैल येणार नव्हता, हे त्यालाही माहीत होते. तो नुसता पाहायला आला होता. आपल्या जागी काढला गेलेला बैल, त्याला निरोप तरी द्यावा.

भगवंत नावाचा बोलका गाडीवान मुंगश्याभोवती फिरला. दात पाहिले, खूर पाहिले. "बैल तर बरा हाय. काहून काढला?"

खुशालराव म्हणाला, "हुकूम आला."

"अकोल्याहून?"

"विलायतेहून."

गाडीवान दोन पावले मागे सरले. भगवंतने बैलाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. "बैलासाठी? विलायतेहून?"

"ह्याच्याच नंबरानं. लाल लाख लावून."

"मंग गंज मोठं काही केलं असन यानं. कोनाले मारलं का?"

"मी काही बोलत नाई, बाप्पा. कंपनीचं काम हाय."

मागून कोणी तरी म्हणाले, "डोया पाहा त्याचा. कबूल हाय तो."

सगळ्यांनी मुंगश्याचा डोळा पाहिला. तो रवंथ करत होता. ते त्यांना निर्ढावलेले वाटले. महादेवरावांनी पुकारा केला, बोली कोणी लावेना. उतरत उतरत किंमत इतकी खाली आली की सहदेवने हात वर केला. तो हात खाली येईपर्यंत दुसरा कोणाचा वर गेला नाही. कमरेचा पैशांचा कसा सुटला. कामगाराने कंपनीचा पैसा कंपनीलाच परत दिला आणि कंपनीने काढलेला कामगार घरी नेला. उरलेल्यातून मोटेचे चामडे आणि ती ओढायचा जाड दोर, सोल, आला.

भगवंत जाता जाता म्हणाला, "जपून राहजो भाऊ. रातच्याले दाराले कडी लावजो."

मनकर्णेने बैलाला ओवाळले, पाणी दाखवले, आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाली, "म्हंजे हळद टाकली तुमी, अन् नौकरी गेली याची."

"हो."

"मंग याले वांगे चारा बसून. हातानं."

मोटेवर जुंपला तेव्हा पहिली अडचण कळली. मोटेचा बैल धावेवर सरळ उताराने जातो आणि सरळ परत येतो. मुंगश्या चार पावले सरळ जायचा आणि गोल वळायचा. आधी तेल्याचा घाणा, मग कंपनीचा पेच, बारा वर्षे त्याने गोलच पाहिले होते. सहदेवने पंधरा दिवस, कामावर जायच्या आधी, त्याच्या पुढे उलटे चालून त्याला सरळ जायला शिकवले. पंधरा दिवस उलटे चालणे म्हणजे काय ते करून पाहावे. पण शिकला. माघात मोट सुरू झाली. पहिल्या सकाळी तिने जेवढे पाणी काढले तेवढे दोघांनी दोन दिवसांत काढले नसते. मनकर्णा विहिरीच्या काठावर बसून पाटातले पाणी वांग्यांकडे जाताना पाहत राहिली. खांद्याला तिने त्या दिवशी हात लावला नाही.

कंपनीची घंटा मळ्यात ऐकू यायची. दुपारची झाली की मुंगश्या जागच्या जागी उभा राहायचा, मोट अर्ध्यात असली तरी. दुसरी घंटा झाली की निघायचा. मनकर्णा म्हणाली, "राहू द्या. तेवढीच मले बी बसाले सापडते."

मग मोटेचा पहिला रविवार आला. सहदेव चांदणीला उठला, दावे सोडले, आणि मुंगश्या उठलाच नाही. शेपूट पिळले, ढेप दाखवली, वेसणीचा कासरा ओढला. त्याने मान खाली टाकून डोळे मिटले. उन्हे आली. वांगी माना टाकू लागली. साहेबाचे कुत्रे सुटीचे म्हणून रोडग्याच्या आशेने मळ्यात आले आणि बैलाजवळ पसरले.

मी त्या दिवशी सहज गेलो होतो. मनकर्णेने काही न बोलता तीन घागरी बाहेर काढल्या. एक सहदेवच्या हातात दिली, एक माझ्या.

"खंडोबाचा वार हाय," ती म्हणाली. "पन्नास पन्नास येतात वाट्याले."

दोन हंगामांच्या मजुरीत सहदेवने आठवड्याचे सहा दिवस विकत घेतले होते. सातव्या दिवसाचे पाणी आम्ही तिघांनी घागरीने ओढले, आणि बैल पडून पाहत होता.